खुब्याच्या दुखण्यावरचे पाच ‘रामबाण’ उपाय

‘ऑपरेशनशिवाय खुबा बरा करा’ असा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. भजनी मंडळाच्या ग्रुपवरून तो गिरगावातल्या माझ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि तिने तो तंतोतंत अमलात आणायला सुरुवात केली, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: खुब्याची बाहेरची बाजू दुखते म्हणजे सांध्यातले वंगण संपले आहे, दुखऱ्या पायाचा गुडघा रोज विरुद्ध खांद्याकडे ओढावा, दर तीन महिन्यांनी स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले की दुखणे कायमचे जाते, महिनाभर जिना चढू नये, आणि रात्री एरंडेल तेल चोळावे.

वंगणाच्या गोष्टीवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. सांधा झिजला तर सहसा जांघेत दुखते. त्या कुशीवर झोपले की बाहेरून ठणकणारे, चाळिशीनंतर स्त्रियांमध्ये विशेष आढळणारे दुखणे बहुतेक वेळा नितंबाच्या स्नायूंच्या कंडरांचे, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोरांचे, असते. या कंडरा मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी, बाहेरून हाताला लागणाऱ्या उंचवट्याला जोडलेल्या असतात.

गुडघा ओढण्याचा सल्ला मात्र निव्वळ निरुपयोगी नाही, तर अपायकारक आहे. मांडी शरीराच्या मध्यरेषेपलीकडे गेली की बाहेरचा जाड पट्टा ताणला जातो आणि आधीच दुखावलेली कंडरा त्या उंचवट्यावर दाबली जाते. ओढताना क्षणभर बरे वाटते, म्हणून माणूस आणखी ओढतो आणि रात्री तळमळतो. पायावर पाय टाकून बसल्याने किंवा लोकलमध्ये कडी धरून, सगळा भार एका पायावर टाकून, खुबा बाहेर काढून उभे राहिल्यानेही हाच दाब येतो. भार दोन्ही पायांवर घ्यावा आणि दुसऱ्या कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये जाड उशी ठेवावी, हे संदेशात कुठेच नाही.

इंजेक्शनच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. ऑस्ट्रेलियात २०४ रुग्णांवर झालेली आणि २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी येथे पुरेशी बोलकी आहे. एका गटाला आठ आठवडे व्यायाम आणि वावरण्याचे मार्गदर्शन, दुसऱ्याला एकच स्टेरॉइड इंजेक्शन, तिसऱ्याला केवळ वाट पाहण्याचा सल्ला मिळाला. आठ आठवड्यांनी ‘बरीच सुधारणा आहे’ असे सांगणारे अनुक्रमे सुमारे ७७, ५८ आणि २९ टक्के होते. म्हणजे इंजेक्शनने फरक पडतो. पण वर्षाअखेर हेच आकडे सुमारे ७९, ५८ आणि ५२ झाले. इंजेक्शन घेतलेले आणि नुसते थांबलेले जवळपास एकाच ठिकाणी आले. वेदनेच्या तीव्रतेत तोवर व्यायाम आणि इंजेक्शन यांच्यात ठळक फरक उरला नव्हता हे खरे, तरी ‘कायमचे जाते’ हा दावा यातून कसा निघतो, ते संदेश लिहिणाऱ्यालाच ठाऊक. शिवाय इंजेक्शन एकदाच दिले होते, दर तीन महिन्यांनी नव्हे. स्टेरॉइडने काही दिवस रक्तातली साखर वाढू शकते; मावशीला मधुमेह आहे, आणि संदेशात त्याबद्दल चकार शब्द नाही.

जिना महिनाभर बंद, हे चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला सांगणे म्हणजे तिला घरात कोंडणे. जिना कमी करणे, कठडा धरून सावकाश चढणे समजू शकते. पण भारच काढून घेतला तर स्नायू आणखी दुबळे होतात. त्या चाचणीतले व्यायामही भार हळूहळू वाढवणारेच होते: आधी पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणे, मग उभ्याने, पुढे एका पायावर. ते फिजिओथेरपिस्टकडून बसवून घ्यावेत. पडल्यानंतर दुखू लागले असेल, ताप असेल किंवा पाय टेकवतच नसेल, तर मात्र व्यायामाच्या आधी डॉक्टर गाठावा.

एरंडेल खुशाल चोळावे. कंडरेपर्यंत ते पोहोचत नाही, पण ऊब मिळते आणि कोणी पाय चोळून दिला तर बरेही वाटते.