एलिस शिपच्या नावाने सुनालेकींना टोमणे मारणं बंद करा

आमच्या आत्याने हा फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर टाकला असता तर नेहमीसारखा मी तो न वाचताच पुढे सरकवला असता. पण तिने तो थेट माझ्या भाचीला पाठवला आणि खाली स्वतःची ओळ जोडली: ‘ही दहा लेकरं सांभाळून डॉक्टर झाली, तुला एक झेपेना?’ भाची एमडी करतेय. बाळ अजून वर्षाचं नाही, ड्युट्या संपता संपत नाहीत, आणि एक वर्ष गॅप घ्यावी का या विचाराने ती आधीच अर्धी झाली आहे. तिने तो मजकूर मला पाठवून एवढंच विचारलं, ‘मावशी, हे खरं आहे का गं?’

फॉरवर्डचा सारांश असा. एलिस शिप नावाची मॉर्मन (अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाची) बाई लहानपणी अनवाणी, हातगाडी ओढत, बर्फातून अमेरिकेतल्या युटाला पोचली. प्रेमळ नवऱ्याने तिला फिलाडेल्फियाला डॉक्टर व्हायला पाठवलं. तिथे ती आपल्या आनंदीबाई जोशींची वर्गमैत्रीण होती (सोबत फोटो). दहा मुलं सांभाळत तिने शिक्षण पूर्ण केलं, कारण घरात तीन सवती सख्ख्या बहिणींसारख्या नांदत होत्या. तिने एक लाख बाळंतपणं केली. आणि मॉर्मन बायकांना मतदानाचा हक्क अमेरिकन सरकारने मिळवून दिला. शेवटी हात जोडलेले आठ इमोजी आणि ‘आजच्या मुलींना हे कळेल का?’

एलिस खरी आहे. म्हणूनच तर संताप येतो, कारण खऱ्या बाईच्या अंगावर हे सगळं चढवलं आहे.

आधी तो फोटो. साड्या-किमोनोतल्या तीन बायकांचा हा फोटो तुम्हीही पाहिला असेल. फॉरवर्ड म्हणतो, उजवीकडची एलिस. अहो, हा फोटो 10 ऑक्टोबर 1885 चा, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातला आहे. डावीकडे आनंदीबाई, मध्ये जपानच्या केइ ओकामी आणि उजवीकडे सीरियाच्या साबात इस्लामबूली. उजवीकडच्या बाईंच्या अंगावर त्यांच्या देशाचा पारंपरिक पोशाख स्पष्ट दिसतो, तोच युटाचा पोशाख समजला की काय कोण जाणे. एलिस त्या कॉलेजातून 1878 च्या मार्चमध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडली. आनंदीबाई तेव्हा तेरा वर्षांच्याही नव्हत्या. त्या कॉलेजात आल्या 1883 च्या शरद ऋतूत, आणि त्या वेळी एलिस सॉल्ट लेक सिटीत बायकांना प्रसूतिशास्त्र शिकवत होती. दोघींमधला खरा दुवा आहे तो डीन रेचल बॉडली यांचा. 1874 ते 1888 त्याच डीन होत्या, त्यामुळे दोघी त्यांच्याच हाताखाली शिकल्या. हे पुरेसं नव्हतं का? पण नाही, मैत्री लावायचीच.

हातगाडीचं लगेच निकालात काढते. युटाकडे जाणाऱ्या मॉर्मनांचे हातगाड्यांचे तांडे निघाले 1856 ते 1860 या काळात. एलिसचं कुटुंब आयोवाहून 1852 सालीच युटाला आलं होतं. ती तेव्हा पाच वर्षांची होती. प्रवास खडतर होता यात शंका नाही, पण 1856 च्या बर्फात ज्यांची माणसं खरोखर गारठून मेली त्यांचं दुःख उचलून हिला चिकटवायचं कारण नाही.

आता ‘प्रेमळ नवरा’. एलिसची डायरी तिच्या मुलीने 1962 साली छापून प्रसिद्ध केली, आणि या सगळ्या प्रकरणात माझा मुख्य आधार तोच. त्यात दिसते ती पहाटे चारला उठणारी बाई. घर जागं व्हायच्या आत तिला वाचन उरकायचं असतं, कारण एकदा पोरं उठली की पुस्तक मिटलं. आणि हे फिलाडेल्फियाच्या आधीपासूनचं. नवरा मिल्फर्ड कधी चर्चच्या मिशनवर, तर कधी बुडणाऱ्या धंद्यात. बायकांनी वैद्यक शिकावं हे मॉर्मन चर्चचा प्रमुख ब्रिगम यंगने 1873 पासून जाहीरपणे सांगायला सुरुवात केली होती, त्यामुळे वरून हिरवा कंदील होता. पण पहिलं वर्ष करून एलिस घरी आली, गरोदर राहिली आणि परत जायची वेळ आली, तेव्हा ऐन निघताना मिल्फर्डच कच खाऊ लागला. कालपर्यंत तुम्हीच जा म्हणत होतात, आता मी निघाले, असं त्याला ऐकवून ती गेली. फिलाडेल्फियात शिवणकाम करून तिने पैसे जोडले. आणि मिल्फर्डसाहेब स्वतः डॉक्टर झाले ते 1883 मध्ये, बायकोच्या पाच वर्षांनी.

‘दहा मुलं सांभाळत’ हे मात्र नुसतं चुकीचं नाही, दुष्ट आहे. एलिसला एकूण दहा मुलं झाली हे खरं, त्यातली काही तान्हेपणीच गेली हेही खरं, पण ही दहा आयुष्यभरातली. 1875 च्या नोव्हेंबरमध्ये ती निघाली तेव्हा तिला तीन लहान मुलगे होते, आणि तिने त्यांना सांभाळत शिक्षण केलंच नाही. ती त्यांना घरी ठेवून दोन हजार मैलांवर गेली. त्यांच्या आठवणीने डायरीची पानं भरली आहेत. चौथं मूल, मुलगी, 1877 च्या मे महिन्यात फिलाडेल्फियातच झालं, शिक्षण अर्धवट असताना, घरचं कुणी जवळ नसताना. तिच्या जिद्दीला माझा मनापासून नमस्कार. पण ‘काहीही न सोडता सगळं जमतं’ याचा पुरावा म्हणून ती तुमच्या उपयोगाची नाही. तिने सोडलं, काय सोडलं ते तिला पक्कं माहीत होतं, आणि तिने ते लिहून ठेवलं. बाळाला आजीकडे ठेवून नाइट ड्युटी करणारी आणि त्याबद्दल घरादाराची बोलणी खाणारी मुलगी एलिसच्याच बाजूची आहे. फॉरवर्ड पाठवणारे त्या बाजूचे नाहीत.

सवतींचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. एलिसची मुलं सवतींनी सांभाळली, तिला पैसेही पाठवले, आणि डायरीत तिने या नात्याचे गोडवे गायले आहेत. ती बहुपत्नीत्व मानणारी श्रद्धाळू मॉर्मन होती, तिला आजच्या विचारांची करून मीही खोटेपणा करणार नाही. पण त्या घरातली दुसरी बाई फॉरवर्डमधून गायब का? फिलाडेल्फियाला आधी गेली होती सवत मॅगी. घरच्या ओढीने ती थोड्याच दिवसांत परत आली, म्हणून त्या जागी एलिस गेली. मग मॅगी पुन्हा गेली आणि 1883 मध्ये त्याच कॉलेजातून डॉक्टर झाली. आनंदीबाईंशी तिची गाठ अवघ्या काही महिन्यांनी हुकली! पुढे याच मॅगीने मिल्फर्डला सोडलं आणि बी. एच. रॉबर्ट्स या मॉर्मन पुढाऱ्याशी लग्न केलं, तेही त्याची आणखी एक बायको म्हणून. म्हणजे ‘सुखाने नांदणाऱ्या सवती’ हे चित्र तिने मोडलं, आणि ‘बिचाऱ्या पिचलेल्या बायका’ हे चित्रही ती जुळू देत नाही. भाचीला मी मॅगीचीच हकीकत सविस्तर लिहून पाठवली. माघारी येऊन नंतर डॉक्टर झालेली बाई याच घरात होती, ती कुणी फॉरवर्ड करत नाही.

एक लाख बाळंतपणं? पन्नास वर्षं एकही सुट्टी न घेता रोज पाच-सहा. सांगितला जाणारा आकडा सहा हजारांच्या आसपास आहे आणि तोच डोळे पांढरे करणारा आहे. शिवाय 1879 मध्ये काढलेल्या शाळेतून तिने पाचशेच्या घरात सुईणी तयार केल्या. दूरदूरच्या वस्त्यांवर पुढे बाळंतपणं झाली ती त्यांच्या हातून.

राहता राहिलं मतदान, आणि तिथे तर सरळ उलटं लिहिलंय. युटाच्या बायकांना हा हक्क 1870 मध्ये तिथल्याच विधिमंडळाने दिला होता. अमेरिकन काँग्रेसने तो 1887 मध्ये एडमंड्स-टकर कायद्याने काढून घेतला, बहुपत्नीत्व मोडायच्या नावाखाली. 1896 मध्ये युटा राज्य झालं तेव्हा तो राज्यघटनेतून परत मिळाला. त्याच वर्षी डॉ. मार्था ह्यूज कॅनन ही राज्याच्या सिनेटवर निवडून आली, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या सिनेटवरची पहिली स्त्री. ती मॉर्मन होती, अँगस कॅननची चौथी बायको होती, आणि त्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवारांमध्ये अँगस कॅननही होता.