थायरॉईडची गोळी ‘सवय’ लावते? फोनवर फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

थायरॉईडबद्दलचा एक संदेश बरेच दिवस फोनवर फिरतो आहे. थोडक्यात मजकूर असा: थायरॉईडची गोळी एकदा सुरू केली की तिची सवय लागते आणि ग्रंथी आळशी होते. गोळीने हाडं ठिसूळ होतात. खरं कारण आयोडीनची कमतरता आहे, म्हणून समुद्री शेवाळाच्या गोळ्या घ्या. कोबी, फ्लॉवर, सोयाबीन कायमचं बंद करा. रक्तात कॅल्शियम जास्त निघालं तर तोही थायरॉईडचाच प्रकार, दूध बंद केलं की उतरतं. एवढं पाळलं तर चाळीस दिवसांत रिपोर्ट नॉर्मल येतो आणि गोळी सुटते.

मला या संदेशाची काळजी वाटते, कारण तो वाचून लोक खरोखर गोळी बंद करतात आणि सुरुवातीला त्यांना काहीच त्रास होत नाही. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे सकाळी उपाशीपोटी घ्यायची ती गोळी, शरीरात निम्मी व्हायलाच साधारण सात दिवस लागतात. म्हणून पहिला आठवडा-दोन आठवडे बरे जातात. थकवा, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, घोगरा आवाज, मंदावलेली बुद्धी हे सगळं नंतर सावकाश येतं. तोवर ‘मी गोळी सोडली, मला काही झालं नाही’ असं दहा जणांना सांगून झालेलं असतं.

आता एकेक दावा पाहू.

‘गोळीची सवय लागते, ग्रंथी आळशी होते.’

थायरॉईड ग्रंथी मुख्यतः टी-४ हे संप्रेरक (हार्मोन) बनवते आणि शरीर गरजेप्रमाणे त्याचं टी-३ करून घेतं. किती बनवायचं याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच हे तिचं संप्रेरक रक्तात सोडून देते. रक्तात टी-४ कमी पडलं की टीएसएच वाढतो, पुरेसं झालं की उतरतो. गोळीत आहे तो रेणू म्हणजे हेच टी-४. शरीराला तो परका नाही.

गोळी चालू असताना टीएसएच खाली येतो आणि ग्रंथी स्वतःचं उत्पादन कमी करते, एवढी गोष्ट खरी आहे. पण म्हणून ती कायमची बसते का? हे तपासून झालेलं आहे. माँटी ग्रीर यांनी निरोगी माणसांना थायरॉईडचं औषध देऊन मग ते थांबवलं आणि १९५१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: औषध थांबल्यावर त्यांच्या ग्रंथी काही आठवड्यांत पूर्ववत चालू झाल्या. धडधाकट ग्रंथी गोळीने निकामी होत नाही. गोळी सोडल्यावर ज्यांचा टीएसएच पुन्हा चढतो, त्यांची ग्रंथी गोळीच्या आधीच बिघडलेली असते. बहुतेकदा कारण असतं हाशिमोटो थायरॉयडायटिस. हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली वर्णन केलेल्या या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. काहींची ग्रंथी शस्त्रक्रियेत काढलेली असते, काहींची रेडिओआयोडीनने, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनने, थांबवलेली असते. अशांना रोज टी-४ घ्यावं लागतं, कारण त्यांच्या शरीरात ते बनत नाही.

संप्रेरकाशिवाय काय होतं, हे वैद्यकाने फार मोठी किंमत देऊन शिकलं आहे. स्वित्झर्लंडमधले सर्जन थिओडोर कोखर गलगंडासाठी पूर्ण थायरॉईड काढत असत. त्यातले कित्येक रुग्ण पुढे सुजलेले, मंद, खंगलेले त्यांना आढळले. १८८३ साली त्यांनी हे उघडपणे मांडलं आणि साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणं थांबवलं. १९०९ साली त्यांना नोबेल मिळालं, पण मला त्यांचा मोठेपणा १८८३ च्या त्या कबुलीत जास्त दिसतो. पुढे १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी थायरॉईड जवळजवळ बंद पडलेल्या ४६ वर्षांच्या बाईंना मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून पाहिला. पुढे हेच औषध पोटातून घेत त्या ७४ व्या वर्षापर्यंत जगल्या.

आता संदेशातलं जे खरं आहे तेही सांगायला हवं. गोळी प्रत्येकालाच जन्मभर लागते असं नाही. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत होणारा थायरॉयडायटिस, किंवा विषाणूसंसर्गानंतर गळा दुखून येणारा, यांत ग्रंथी पुष्कळदा सावरते आणि गोळी थांबवता येते. टीएसएच किंचित वाढलेला, म्हणजे दहाच्या खाली, आणि टी-४ ठीक, अशा अनेकांना गोळीची गरजच नसते. ६५ वर्षांवरच्या अशा लोकांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत गोळीने थकव्यासारख्या लक्षणांत काही फरक पडला नाही. म्हणून ‘मला ही गोळी नेमकी कशासाठी, आणि किती काळ?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा. तुमची ग्रंथी कशाने बिघडली यावर उत्तर अवलंबून आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याला ते माहीत असणं शक्य नाही.

‘गोळीने हाडं ठिसूळ होतात.’

मात्रा गरजेपेक्षा जास्त असेल आणि टीएसएच दीर्घकाळ दबलेला राहिला तर हाडांची झीज होते. विशेषतः पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये हे दिसतं, आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोकाही वाढतो. यावर उपाय म्हणजे टीएसएच पाहून मात्रा बेताची ठेवणं. मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात ती यासाठीच. योग्य मात्रेत हा धोका नाही.

‘खरं कारण आयोडीनची कमतरता.’

जगाच्या मोठ्या भागात एके काळी हे खरंच होतं. १९२० च्या दशकात स्वित्झर्लंड आणि अमेरिकेत आयोडीनयुक्त मीठ आलं, आणि गलगंड झपाट्याने कमी झाला. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात इतक्या स्वस्तात इतकं काम करणाऱ्या गोष्टी थोड्याच असतील. पण जिथे मिठातून आयोडीन मिळतं, तिथे थायरॉईड मंदावण्याचं मुख्य कारण हाशिमोटो आहे, आणि तिथे वरून ओतलेलं आयोडीन नुकसान करतं. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं, गरोदरपणी २५०. शेवाळाच्या एकाच गोळीत याच्या कित्येक पट आयोडीन असू शकतं. आयोडीनचा लोंढा आला की ग्रंथी काही काळ उत्पादन रोखून धरते. निरोगी ग्रंथी यातून थोड्या दिवसांत बाहेर पडते, हाशिमोटोची ग्रंथी पुष्कळदा पडत नाही.

संदेशाचा सर्वांत मोठा दोष मला इथे दिसतो. त्यात नुसतं ‘थायरॉईड’ म्हटलं आहे. कमी चालणारं की जास्त चालणारं, हे कुठेच नाही. ग्रेव्हज आजारात ग्रंथी बेफाम संप्रेरक बनवते: वजन उतरतं, छाती धडधडते, हात थरथरतात, काहींचे डोळे पुढे येतात. गाठी असलेल्या काही ग्रंथींचंही तसंच होतं, आणि अशा गाठींना जादा आयोडीन मिळालं तर संप्रेरक आणखी वाढू शकतं. ग्रेव्हजवर कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल साधारण बारा ते अठरा महिने देतात. आजार उलटला किंवा औषध चाललं नाही तर रेडिओआयोडीन किंवा शस्त्रक्रिया हे पर्याय असतात. या गोळ्या चालू असताना ताप आणि घसा दुखणं एकदम सुरू झालं, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्या लागतात, कारण क्वचित या औषधांनी त्या धोकादायक पातळीपर्यंत घटतात. ही एक ओळ त्या संदेशात असती, तर निदान कुणाचा तरी फायदा झाला असता.

‘कोबी, फ्लॉवर, सोयाबीन कायमचं बंद.’

शिजवलेली कोबी-फ्लॉवर नेहमीच्या प्रमाणात खाल्ली तर काही बिघडत नाही. सोयाबीनचा प्रश्न वेगळा आहे: त्याने गोळीचं शोषण कमी होऊ शकतं. तसंच कॉफीचं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचं तर नक्कीच, त्यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची. ‘गोळी लागूच पडत नाही’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे सापडतं.

‘कॅल्शियम वाढलं तर तोही थायरॉईडच, दूध बंद करा.’

पॅराथायरॉईड या अगदी वेगळ्या ग्रंथी आहेत. बहुतेकांना चार असतात, थायरॉईडच्या मागच्या बाजूला चिकटलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या, प्रत्येकी ३० ते ५० मिलिग्रॅम वजनाच्या. स्वीडनच्या उप्सालामध्ये इव्हार सँडस्ट्रॉम यांनी १८८० साली माणसातल्या या ग्रंथींचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांचं संप्रेरक पीटीएच. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की पीटीएच हाडांतून कॅल्शियम काढतं, मूत्रपिंडाला ते राखायला लावतं आणि ड जीवनसत्त्व कार्यक्षम करतं.

कॅल्शियम वाढलं की पीटीएच उतरायला हवं. कॅल्शियम वर आणि पीटीएचही वर, किंवा दबायच्या ऐवजी नॉर्मलमध्येच रेंगाळलेलं, असं दिसलं तर संशय पॅराथायरॉईडवर जातो. अशा दहापैकी आठांहून अधिक जणांत एकाच ग्रंथीत, बहुतेक वेळा कर्करोग नसलेली, गाठ असते. मुतखडे, हाडांची झीज, थकवा, बद्धकोष्ठ, उदासी यांमागे वर्षानुवर्षं ही छोटी गाठ लपून राहते आणि माणूस वयाला दोष देत राहतो. कायमचा उपाय म्हणजे ती ग्रंथी काढणं. व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी १९२५ साली ही शस्त्रक्रिया प्रथम केली. आज एक फार सुंदर सोय आहे: पीटीएच रक्तात काही मिनिटांतच निम्मं होतं, त्यामुळे गाठ काढून दहा मिनिटांनी तपासलेला पीटीएच निम्म्याहून खाली आला की बिघडलेली ग्रंथी निघाल्याचं शस्त्रक्रियेच्या टेबलावरच कळतं. प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागते असं नाही. वय पन्नाशीच्या आत, कॅल्शियम वरच्या मर्यादेपेक्षा एक मिलिग्रॅमहून जास्त, मुतखडे, ठिसूळ हाडं, मूत्रपिंडाचं घटलेलं काम, यांपैकी काही असेल तर तिचा सल्ला देतात. बाकीच्यांवर नियमित लक्ष ठेवतात.

दूध तोडल्याने उलटच होतं. आहारात कॅल्शियम फार कमी पडलं की पीटीएचला आणखी जोर चढतो आणि भरपाई हाडांतून होते. आहार नेहमीसारखा ठेवायचा, पाणी पुरेसं प्यायचं. आणि कॅल्शियम वर असून पीटीएच दबलेलं असेल तर कारण वेगळं असतं, कधी कर्करोगही. असा रिपोर्ट हातात घेऊन चाळीस दिवस थांबू नये. थायरॉईडच्या शस्त्रक्रियेनंतर नेमकं उलटंही घडू शकतं: पॅराथायरॉईड दुखावल्या तर कॅल्शियम घसरतं, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, पेटके येतात. तेव्हा लगेच दवाखाना गाठायचा.

‘चाळीस दिवसांत रिपोर्ट नॉर्मल.’

थोडा वाढलेला टीएसएच पुष्कळांत आपोआप नॉर्मल येतो, म्हणून असे रिपोर्ट निघतात. दुसरं कारण बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व. केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांत ते मोठ्या प्रमाणात असतं आणि अनेक प्रयोगशाळांच्या पद्धतीत टीएसएच खोटा कमी दाखवतं, पीटीएचसुद्धा. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१७ साली याबद्दल इशारा दिला होता. तपासणीआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवा आणि घेत असल्याचं प्रयोगशाळेत सांगा.

ज्यांनी संदेश वाचून गोळी सोडली आहे त्यांनी घाबरू नये, आणि राहिलेल्या गोळ्या भरून काढायला दुप्पटही घेऊ नयेत. डॉक्टरांना भेटा, किती दिवस सोडली ते मोकळेपणाने सांगा. हृदयविकार असेल किंवा वय जास्त असेल तर ते कदाचित कमी मात्रेपासून सुरुवात करतील. दिवस गेले असतील तर मात्र आजच फोन करा. पहिले साधारण तीन महिने बाळाची ग्रंथी संप्रेरक बनवत नाही, त्याला आईकडूनच ते मिळतं, आणि या काळात आईची गरज पाव ते निम्म्याने वाढलेली असते.