मऊ पडलेली कडक भाकरी

सोलापूरच्या माणसाला उन्हाचं भय घालू नये. मे महिन्यात पारा 42-43 वर गेला तरी आम्ही डोक्याला टॉवेल गुंडाळून नवी पेठेत खरेदीला जातो आणि वर गरम चहा पितो. आमचा घाम कष्टाळू आहे. येतो, अंग गार करतो आणि कुणाला दिसायच्या आत उडून जातो. सकाळी वाळत टाकलेली साडी दुसरी पिळेपर्यंत खडखडीत झालेली असते. आमचे कूलरसुद्धा या कोरड्या हवेच्या जिवावरच चालतात. तेव्हा पुण्याच्या लेकीनं लग्नाच्या वाढदिवसाला आम्हा दोघांना अंदमानला पाठवायचं ठरवलं, तेव्हा हवामानाचा विषय आमच्या घरात एका वाक्यात संपला.

"तिकडं 30 डिग्री असतं म्हणे जानेवारीत," मी म्हटलं.

"30? मग चादर घे एक."

'हे' म्हणजे चाटी गल्लीतले चादर-टॉवेलचे व्यापारी. जगातल्या कुठल्याही अडचणीवर यांच्याकडे चादर हाच उपाय असतो. बॅगेत चादर गेली, पाठोपाठ डबाभर शेंगाची चटणी आणि कडक भाकरीची चळत गेली. आम्ही शाकाहारी. समुद्राच्या मधोमध काय मिळेल न मिळेल, म्हणून ही तजवीज. कडक भाकरी म्हणजे ज्वारीची पापडासारखी पातळ, वाळवून ठेवलेली. महिनाभर तिला काही होत नाही. बचत गटाच्या ज्या बाईंकडून घेतल्या, त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "वहिनी, अमेरिकेला गेल्यात आमच्या भाकऱ्या."

अमेरिकेला गेल्या असतील. अंदमानला गेल्या नव्हत्या.

हैदराबाद, चेन्नई करत आम्ही पोर्ट ब्लेअरला उतरलो. 2024 पासून त्याचं नाव श्री विजय पुरम झालंय, पण टॅक्सीवाले अजून दोन्ही नावं हाताशी ठेवून असतात. विमानाचं दार उघडलं आणि कुणीतरी तोंडावर ओलं फडकं टाकलं. यांनी मागं वळून बघितलं. कुणी नव्हतं. ती हवा होती. आमच्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, या बेटांवर तीन हजारांच्या घरात. उरलेल्या दिवसांत तो पाऊस जमिनीवर न पडता नुसता हवेत उभा असतो, असं माझं मत आहे.

पहिल्या दिवशी सेल्युलर जेल बघितलं. इमारतीच्या सात पाखांपैकी आता तीनच उरल्यात. सावरकरांच्या कोठडीसमोर हे चपला काढून उभे राहिले आणि नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या जागेबद्दल या लेखात एवढंच.

दुसऱ्या दिवशी बोटीनं हॅवलॉक. 2018 पासून हे स्वराज द्वीप. बोटप्रवासाचा आमचा अनुभव कंबर तलावापुरता, त्यामुळे वाटेत काय झालं ते मी सांगणार नाही. पिशव्या कंपनीनं पुरवल्या होत्या.

लेकीनं बुक केलेली जागा म्हणजे जंगलातली झोपडी. उंच झाडं, मधून लाल मातीची वाट आणि वाटेच्या शेवटी समुद्र. झोपडीच्या भिंती बांबूच्या, छप्पर झावळ्यांचं, आणि भिंत जिथं संपते तिथून छप्पर सुरू होईपर्यंत चांगली वीतभर फट. यांनी फटीकडे बोट दाखवून विचारलं, "हे राहिलंय का बांधायचं?" रूमबॉय मूळचा बंगाली, इथंच जन्मलेला. त्यानं हसून सांगितलं, "हवा के लिए, सर." हवेसाठी ठेवलेल्या त्या फटीतून हवा सोडून सगळं आत आलं.

इथं थोडं आमच्या वन्यजीवांबद्दल सांगते. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकांचं अभयारण्य आहे. 1979 साली जाहीर झालं तेव्हा ते कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं, म्हणजे त्यात गावंच्या गावं होती. एवढ्या जागेत पक्षी शोधायचा. माणूस पहाटे उठून नान्नजला जातो, दुर्बीण लावतो, माळरानावर डोळे फुटेस्तोवर बघतो आणि काळवीट बघून घरी येतो. वन्यजीव म्हणजे लांबून, मान वाकडी करून, बहुतेक न दिसणारी गोष्ट, अशी आमची धारणा. अंदमानात ती बाथरूमच्या आरशावर बसलेली होती.

हिरवीगार पाल. पोपटी नव्हे, नव्या कोऱ्या खणासारखी हिरवी, पाठीवर तांबडे ठिपके, आणि भर दिवसा. मी किंचाळले. रूमबॉय धावत आला आणि कौतुकानं म्हणाला, ही फक्त अंदमानात सापडते, हिची भावकी सगळी मादागास्करकडच्या बेटांवर. हे दाढी करता करता तिच्याकडे बघत म्हणाले, "माहेर लांब पडलं की गं बाई हिचं." तिनं एक डोळा जिभेनं पुसला आणि जागा सोडली नाही. यांनी उरलेली दाढी आरशाच्या खालच्या कोपऱ्यात वाकून केली.

ती दिवसपाळी. रात्रपाळीला छपरात दुसरी होती, आकारानं मोठी. अकराच्या सुमाराला वरून टॉक, टॉक असा आवाज सुरू झाला. हे उठून बसले. "कोण बोलवायलंय बघ की." मी म्हटलं, "पाल आहे ती." मग अंधारात माझ्या कानाशी येऊन हळूच, "आपल्याकडं पाल चुकचुकली की सत्य असतं. ही एवढ्या मोठ्यानं काय सांगायलीय?"

पहाटे पाचला उजाडलं. घड्याळ देशभर एकच, पण सूर्याला ते कुणी सांगितलेलं नाही. सोलापूर 76 रेखांशाच्या जवळ, हे बेट 93 च्या. एका अंशाला चार मिनिटं धरली तर इथला सूर्य आमच्या तासभर आधी उगवतो आणि तेवढाच आधी कामावरून सुटतो. दुकान साडेदहाला उघडणाऱ्या माणसाला पाचला उठवणं हीच एक शिक्षा. त्यात पहिल्या संध्याकाळी चारला चहा सांगितला, सव्वाचारला चहा आला, बिस्किटं यायला उशीर झाला आणि ती येईपर्यंत सूर्य झाडांच्या टोकांवर टेकलेला. "बुडायलाय की हा!" म्हणत हे कप हातात घेऊनच पळत सुटले.

तो राधानगर किनारा. 2004 साली टाइम मासिकानं त्याला आशियातला सर्वांत सुंदर किनारा म्हटलं होतं, आणि मासिकाशी भांडायला मला काही कारण सापडलं नाही. पांढरी मऊ वाळू, मागं काळसर उंच झाडांची भिंत, पाणी असं की पायाची नखं मोजावीत. आमच्या ह्यांना मात्र तिथं हत्ती बघायचा होता. समुद्रात पोहणाऱ्या हत्तीचा फोटो फॅमिली ग्रुपवर कुणीतरी टाकला होता, तो यांनी निघण्याआधी निम्म्या सोलापूरला पुढं पाठवलेला. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, "राजन? वो तो 2016 में गुजर गया, साहब." लाकडं ओढायला या बेटांवर आणलेला हत्ती, झाडतोड थांबली आणि म्हातारपणी पोहून प्रसिद्ध झाला. यांनी तिथंच वाळूत बसून ग्रुपवर लिहिलं, 'राजन आता आपल्यात नाही.' पुढच्या पाच मिनिटांत दुकानातल्या राजू नावाच्या कामगाराच्या घरी तीन फोन गेले.

पाण्यात उतरायचं तर कडेला मगरीपासून सावध राहा, असा फलक. खाऱ्या पाण्यातली मगर या बेटांवर आहे, ती काही थट्टा नाही. हे घोट्यापर्यंत उतरले आणि म्हणाले, "झाला समुद्र बघून." मग आम्ही वाळूत निवांत बसलो. तिथं सँडफ्लाय नावाची चिलटं असतात. दिसत नाहीत, आवाज नाही, चावल्याचं कळतही नाही. कळतं ते रात्री, आणि मग सकाळपर्यंत दुसरं काही कळत नाही. गुडघ्यापासून खाली माझ्या पायांवर जोंधळा उफणल्यागत पुरळ उठलं. रूमबॉयनं खोबरेल तेल आणून दिलं आणि सांगितलं, हे आधी लावायचं असतं.

आता भाकरीकडे येते. तिसऱ्या संध्याकाळी, मासळीच्या वासात डाळभात खाऊन कंटाळल्यावर, मी मोठ्या थाटात डबा काढला. चटणी, वर दही, आणि भाकरी. ती मोडायची म्हणून दोन्ही हातांनी धरली आणि वाकवली. ती वाकली. पुन्हा सांगते, कडक भाकरी वाकली. कडेला धरून वर उचलली तर रुमालासारखी लोंबली. हे माझ्याकडे बघत राहिले. आमच्या लग्नात फार काही सोसलंय आम्ही, पण त्यांचा असा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. त्यांनी एक तुकडा तोडला, म्हणजे ओढून सोडवला, तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "चपाती म्हणून बरी आहे."

तोवर बाकीच्याही गोष्टी ओल्या झालेल्या होत्या. मिठाची डबी बोलायची बंद झाली होती. काडेपेटी गुल उडवत नव्हती. आल्या दिवशी धुतलेला यांचा बनियन दोरीवर तसाच होता, उलट जरा जड झालेला. चादर पांघरायची तर सोडाच, तिची घडी उघडल्यावर गारठ्याची वाफ येत होती. मी रोज सकाळी सगळं दोरीवर टाकायचे, दुपारी सर यायची, संध्याकाळी सगळं आत घ्यायचे. जंगलातलं निवांत जीवन म्हणतात ते हेच असावं. सोलापुरात काही दिवसांनी एकदा नळाला पाणी येतं तेव्हा बाई एवढी धावत नाही.

बघण्यासारखं मात्र होतं, खोटं का बोलू. अंधार पडला की वाळूवर शंखांची जत्रा भरायची. पाय असलेले शंख. हे खेकडे स्वतःचं कवच करत नाहीत. दुसऱ्याचा रिकामा शंख शोधतात, वाढले की मोठ्या शंखात बदली. एकदा मोठा रिकामा शंख सापडला तेव्हा त्याभोवती लहानमोठे खेकडे उंचीनुसार रांगेत उभे राहिले. पहिला नव्यात शिरला, दुसरा पहिल्याच्या जुन्यात, तिसरा दुसऱ्याच्या, सटासट. हे उकिडवे बसून टॉर्चच्या उजेडात बघत होते. यांच्या वाड्यात एक भाडेकरू जुन्या भाड्यावर वर्षानुवर्षं बसून आहे, कोर्टाच्या तारखा चालू आहेत. "बघ," ते म्हणाले, "डिपॉझिट नाही, वकील नाही. मोठं झाल्यावर आपणहून जागा सोडायलेत." आवाजात खरा हुंदका होता. शेवटचा, सगळ्यांत लहान खेकडा बाटलीच्या निळ्या झाकणात राहत होता. रांगेतून सुटलेला एवढुसा शंख मिळाल्यावर त्यानं ते झाकण टाकलं, ते यांनी उचलून खिशात घातलं.

शंख मात्र किनाऱ्यावरच ठेवून आलो. प्रवाळ आणि कितीतरी शंख वन्यजीव कायद्यात येतात, विमानतळावर बॅग तपासतात. शिवाय रांगेतल्यांची अडचण बघितल्यावर दिवाणखान्यात शंख मांडायचा धीर झाला नसता.

एका अमावास्येच्या आगेमागे छोट्या नावेतून खारफुटीत नेलं. काळोख इतका की शेजारचा माणूस आवाजावरून ओळखावा. वल्हं पाण्यात पडलं आणि पाणी निळं पेटलं. हात घातला, बोटांमधून ठिणग्या ओघळल्या. पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळले गेले की चमकतात, असं नाववाल्यानं सांगितलं. मी काही बोलूच शकले नाही. हे थोड्या वेळानं म्हणाले, "झोपडीत संध्याकाळपासून लाईट नाही, आणि इथं बघ." पण तेही हात पाण्यातून काढत नव्हते.

आता टॉवेल. झोपडीत शिरताच यांनी पहिलं काम केलं ते बाथरूममधला टॉवेल दोन बोटांत चोळून, उलटा करून, कडेची शिवण नखानं बघून. मग चेहरा फुलला. "आपलाच आहे. सोलापूरचा." एवढ्या लांब, पालीच्या शेजारी, गाववाला भेटल्याचा आनंद. पण तिसऱ्या धुण्याचा माल, वजन उतरलेलं, आणि पांढरा. "लाल मातीत पांढरा टॉवेल देतात व्हय?" मी समुद्राकडे बघत बसले होते तेव्हा हे मॅनेजरच्या टेबलाशी बसून टॉवेलचं वजन, दोऱ्याचा पीळ आणि वाहतूक समजावत होते. मी जाऊन म्हटलं, "अहो, फिरायला आलोय ना आपण?"

"फिरतोच आहे की. गिऱ्हाईक फिरवायलोय."

निघायच्या दिवशी खिशात ऑर्डर होती, गडद चॉकलेटी रंगाचे, जाड वजनाचे, डझनावारी टॉवेल. घरी आल्यावर माझ्याआधी त्याच कामाला लागले. माल चेन्नईहून जहाजानं गेला. महिन्याभरानं मॅनेजरचा फोन, मी शेजारीच भाकरी मोडत होते. टॉवेल उत्तम आहेत, पाहुणे खूश आहेत, पण जाड असल्यानं धुतल्यावर वाळतच नाहीत, काय करायचं? हे अजिबात गडबडले नाहीत.

"त्यात टॉवेलचा काही दोष नाही, बेटाचा आहे," हे म्हणाले. "धुतले की सोलापूरला पाठवून देत जावा. दहा मिनिटांत वाळवून परत पाठवतो. भाडं तेवढं तुमच्याकडं."