दुष्फेननगरात आपलं स्वागत

उपनगरात घर घेतलंत, अभिनंदन. हवा मोकळी, खिडकीतून आकाश दिसतंय, आणि पहिल्याच आंघोळीला साबण फेस द्यायचं सोडून अंगाला मेणासारखा चिकटतोय. घाबरू नका. शाळेत ‘तात्पुरतं दुष्फेन पाणी आणि कायमचं दुष्फेन पाणी यांतला फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न तुम्ही ऑप्शनला टाकला होता. तोच आता नळातून आलाय आणि या वेळी सक्तीचा आहे.

पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, चुनखडी विरघळवत खाली मुरतं आणि बोअरमधून कॅल्शियम-मॅग्नेशियमसकट तुमच्या टाकीत चढतं. साबण आधी त्यांच्याशी सोयरीक जुळवतो, बादलीच्या कडेला राखाडी साका होऊन बसतो, आणि उरलासुरला तुमच्या वाट्याला येतो. हे कॅल्शियम-मॅग्नेशियम, चुनखडीच्या हिशेबात मोजून, लिटरमागे १८० मिलिग्रॅमच्या वर गेलं की पाणी ‘अतिकठीण’, म्हणजेच अतिदुष्फेन, म्हणायची पद्धत आहे. तुमच्याकडे ३०० असेल आणि घरात रोज ४०० लिटर पाणी लागत असेल, तर वर्षाला साधारण ४४ किलो चुनखडी घरातून जाते. एरवी चुना लावून घ्यायला कुणीतरी गाठावा लागतो. इथे घरपोच.

बहुतेक पाणी मोरीतून निघून जातं म्हणा, पण जाता जाता गीझरमध्ये वर्गणी ठेवून जातं. तापवलं की बायकार्बोनेट फुटतं आणि कॅल्शियम कार्बोनेट कॉइलवर बसतं. तेच ते तात्पुरतं दुष्फेन. सल्फेट-क्लोराइडवालं कायमचं असतं, कितीही उकळा, हलत नाही. थर वाढत गेला की कॉइल गोधडी पांघरून पाणी तापवायला लागते. म्हणून गीझर कधीही उघडून बघू नका. मी एकदा ती चूक केली. मेकॅनिकनं खालची चकती सोडवली आणि घमेलंभर पांढऱ्या कपच्या खळाळत बाहेर आल्या. मागोमाग कॉइल आली, बुडालेल्या जहाजातून काढल्यासारखी. त्यानं ती हातोडीनं ठोकत विचारलं, “पाणी तापत होतं?” मी म्हटलं, “हळूहळू.” तेव्हापासून त्याच्या नजरेतून मी उतरलोय.

शॉवरचंही तसंच. त्याच्या साठ भोकांपैकी तीन चालू राहिली की एक धार भिंतीवर जाते, दुसरी टॉवेलवर, तिसरी बरोब्बर डोळ्यात. जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवलीत तर सकाळी मोकळी होईल, आणि मग पाहुण्यांशी बोलायला विषय उरणार नाही. त्यापेक्षा पाण्यात तुरटी फिरवा. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, विरघळलेल्या क्षारांचं काहीही बिघडत नाही, पण फिरवताना हात कसे कामात असतात! पाइपाला चुंबक बांधणारेही भेटतील. चुंबकानं कठीण पाणी मऊ होतं याला भक्कम पुरावा नाही. म्हणूनच तिथं श्रद्धा लागते.

सगळ्यात महत्त्वाचं: दारात फिल्टरवाला आला की त्याला आधी बसू द्या. तो दोन ग्लास मांडेल, एकात तुमचं पाणी, एकात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत दांड्यांची जोडी सोडून वीज चालू करेल. मिनिटाभरात तुमचा ग्लास हिरवट, मग तपकिरी, मग चक्क गाळ. त्याचा स्वच्छ. “हे पिताय तुम्ही, साहेब.” आपण पीत नसतो. तो त्याच्या लोखंडी दांडीचा गंज असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजतं, क्षार काढलेल्यातून ती नीट वाहतच नाही. मी आगाऊपणा करून त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं आणि पुन्हा बटण दाबायला लावलं. तोही ग्लास तपकिरी झाला. त्यानं माझ्याकडे अतीव दुःखानं बघितलं. म्हणाला, “मीठ कशाला घातलंत? चांगलं पाणी खराब केलंत.”

तुम्ही असलं काही करू नका. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवणारा मीटर, घ्या आणि खिशात ठेवा. तो पाण्याची वीज वाहण्याची ताकद मोजून आकडा सांगतो. जंतूंचं त्याला काही कळत नाही. पण आकडा खाली आला की झोप लागते, आणि जुलाबानं मध्यरात्री उठावं लागलं तरी आकडा खालीच असतो. कठीणपणासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं आरोग्याच्या कारणावरून मर्यादाच घातलेली नाही, हे शेजारी कुणाला सांगू नका. नळावरच्या पांढऱ्या डागांवर ज्यांची उमेद टिकून आहे त्यांनी काय करायचं?

नळाला क्लोरीनचा वास आला तर मात्र लगेच तक्रार करा. लिटरला ०.२ मिलिग्रॅम का होईना, क्लोरीन नळापर्यंत शिल्लक राहावं अशी अपेक्षा असते. वास गेला की आभाराचं पत्र पाठवा. पाणी दोनच तास येतं, बाकी वेळ पाइप रिकामा, आणि रिकामा पाइप फटींतून शेजारच्या गटारातलंही ओढून घेतो, पण ते बिनवासाचं असलं तर आपली हरकत नाही. ग्लासात पाणी दुधासारखं दिसलं तर ताबडतोब फोटो काढून ग्रुपवर टाका. उशीर नको. ते नुसते हवेचे बुडबुडे असतात, दोन मिनिटांत तळापासून वर निवळत जातात आणि फोटोची संधी हुकते.

आमच्या इमारतीच्या बैठकीत गेल्या खेपेला नळावरच्या डागांवर पाऊण तास चर्चा झाली. गच्चीवरची टाकी धुणं आणि पाण्याची जंतूंसाठी तपासणी हे विषय वेळेअभावी पुढे ढकलले. टाकीचं झाकण तुटलंय, त्यावर एक फरशी ठेवली आहे आणि फरशी उडू नये म्हणून वर दगड. दगड कुणी हलवायचा नाही, एवढं एकमतानं मंजूर झालं.