इतर

लॅपटॉपची बिजागरी तुटली, एवढंच झालं होतं. पडदा मान टाकायचा. परवा दुकानात नेला. काउंटरवरच्या मुलाने चालू केला आणि विंचू दिसल्यासारखा हात मागे घेतला.

"लिनक्स? लिनक्स आम्ही नाही बघत. विंडोज टाकून देऊ?"

"अरे, बिजागरी तुटलीय!"

गळकं छप्पर बघायला आलेल्या गवंड्याने आधी तुमचं कुलदैवत विचारावं, तसं हे. फॉर्मवर ऑपरेटिंग सिस्टिमसाठी, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामसाठी, चौकोन दोनच: विंडोज आणि इतर. त्याने 'इतर'वर खूण केली. दुसऱ्या हातात त्याचा अँड्रॉइड फोन, म्हणजे आत लिनक्सचंच कर्नल, सिस्टिमचा गाभा. तेच सांगायला तोंड उघडलं, तर बाकावरून आवाज आला, "इतर म्हणजे? मूळपुरुष कोण?"

प्रिंटर दुरुस्तीला घेऊन आलेले हे काका आपल्या घराण्याच्या कुलवृत्तांताचे संपादक निघाले. पायाशी प्रतींची पिशवी.

"युनिक्स," मी म्हटलं. "1969, अमेरिकेतली बेल लॅब्ज. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची."

"आणि हा त्यांचा नातू."

"नाही हो. हा 1991चा. हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने युनिक्सचा कोड न घेता नव्याने लिहिला. वळण तेवढं तिथलं."

"म्हणजे दत्तक."

"दत्तक घ्यायलासुद्धा कोणी आलं नव्हतं."

काकांनी पावतीच्या मागे लिहून घेतलं: 'शेजारी वाढलेला'. मग मॅकची चौकशी. ॲपलने 1996च्या डिसेंबरात नेक्स्ट कंपनी घ्यायचं ठरवलं. तिथली युनिक्सच्या बर्कली शाखेशी नातं असलेली सिस्टिम घरात आली, पाठोपाठ स्टीव्ह जॉब्स आले. 2001चा मॅक ओएस टेन त्यातून झाला; जुन्या मॅकचा वंश नवव्या पिढीत खुंटला.

"घरजावई!" काका एवढ्याने ओरडले की मुलाच्या हातून स्क्रू सांडले. "आमच्यात पान 212वर आहे एक. नाव सासऱ्याचं लावतो, देव स्वतःचे पुजतो."

विंडोजपाशी मात्र त्यांचा चेहरा पडला. मायक्रोसॉफ्टने 1981मध्ये सिएटलच्या एका छोट्या कंपनीकडून 50,000 डॉलरला डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची सिस्टिम, घेतली, हे ऐकून म्हणाले, "विकतचा मूळपुरुष? छापायचं कसं?"

"थांबा. विंडोज 95 डॉसच्या घरचं. पण एक्सपीपासून आजपर्यंतचं सगळं विंडोज एनटी या वेगळ्या सिस्टिमच्या घरातलं. ते डेक कंपनीतून आलेल्या डेव्ह कटलरच्या हाताखाली उभं राहिलं, 1993मध्ये बाहेर आलं. आडनाव एक, कूळ वेगळं."

"अहो, आमचंच की! वाईचे वेगळे, नगरचे वेगळे! लोक सरमिसळ करतात!" काकांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. घरी या विषयावर मला दुसऱ्या वाक्यापुढे कोणी जाऊ दिलेलं नाही.

तेवढ्यात मुलगा म्हणाला, "तपासणीचे 300 झाले."

कसली तपासणी? दोन चौकोनांतला एक निवडायचे 300? स्क्रू फिरवायला कुठली सिस्टिम लागते? दर दुकानात हेच, आणि दर वेळी आपणच काहीतरी विचित्र बाळगतो असा चेहरा. भांडायचं ठरवलं होतं. काकांसमोर शोभेना, पैसे दिले.

मग काकांनी पिशवी उघडली. एक प्रत 600 रुपये. माझं आडनाव त्यात कुठेच नाही, हे सांगेपर्यंत सुटे काढून झाले होते.

पान 212 वाचलं. घरजावयाला दोनच ओळी दिल्यात. पण पुस्तक चांगलं जाडजूड आहे. पडद्याला मागून टेकू म्हणून बरोबर बसतं.