धक्क्यावर धावणाऱ्यांना हसणाऱ्यांनो

सकाळी सातला नातेवाईकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. तुम्हीही पाहिला असेल, असले व्हिडिओ सध्या खूप फिरताहेत. मोठं क्रूझ जहाज धक्क्याला लागलेलं, शिडी काढायची वेळ झालेली आणि लांबून एक वयस्कर जोडपं धावत येतंय. बाईंच्या हातात चपला. काकांच्या खांद्यावरची पिशवी सारखी घसरतेय. आणि वर बाल्कन्यांमधून शे-दोनशे माणसं शिट्ट्या मारताहेत, टाळ्या वाजवताहेत, मोबाइल रोखून उभी आहेत. खाली आमच्यातल्याच एका शहाण्यानं लिहिलंय, "अजून करा शॉपिंग!" त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पंधरा चेहरे.

मी गप्प बसणार होते. पण साडेनऊला एक फोन आला आणि आता गप्प बसवत नाही. फोनचं शेवटी सांगते.

आधी सांगते ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाचं. सप्टेंबर २०२३. मी, नवरा आणि आई. आई तेव्हा ७१ वर्षांची, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन दरवर्षी पुढे ढकलत आलेली. बाबा गेल्यानंतरचा तिचा पहिला मोठा प्रवास. रोमजवळच्या चिवितावेक्कियाहून जहाज घेतलं होतं. आम्ही सहा महिने तयारी केली होती, हे मुद्दाम सांगतेय, कारण उशीर होणारी माणसं बेफिकीर असतात असं तुम्हाला वाटतं. आईच्या पर्समध्ये एका कागदावर प्रत्येक बंदराची वेळ माझ्या अक्षरात लिहिलेली होती. जहाजानं ग्रीसची वेळ लावायला सांगितल्या रात्रीच तिनं मनगटावरचं जुनं एचएमटी एक तास पुढे केलं होतं. मोबाइलवर तिचा विश्वास नाही आणि समुद्रावर तो नसावाच. तो किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडून आपोआप वेळ बदलतो, जहाज मात्र स्वतःच्या घड्याळावर चालतं. तासाभराच्या या गोंधळात किती जणांची जहाजं सुटली असतील!

सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही. तिथे जुन्या ज्वालामुखीच्या तोंडात समुद्र भरलाय, पाणी इतकं खोल की मोठ्या जहाजाचा नांगर धड लागत नाही, ते इंजिनावरच जागा धरून उभं राहतं. स्थानिक होड्या येऊन माणसं किनाऱ्यावर नेतात. आई ती होडी बघूनच खुलली. ती मूळ मालवणची, वाढली गिरगावात. लहानपणी मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं गावाला जायची. मालवणला बोट बाहेर खोल पाण्यात थांबायची आणि पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, माणसं उतरवून घ्यायचे. "हा तर आपला पडावच," म्हणाली आणि त्या ग्रीक होडीवाल्याचा हात धरून सराईतासारखी आत उतरली. आम्ही दोघं मागे चाचपडत होतो.

किनारा म्हणजे कड्याच्या पायथ्याशी छोटासा धक्का. गाव, म्हणजे फिरा, वर दोनशे मीटरवर. वर जायला तीनच वाटा: केबल कार, खेचरं नाहीतर पायऱ्या. केबल कारला तीन मिनिटं लागतात. पण सहा डबे, डब्यात सहा माणसं, म्हणजे एका खेपेला छत्तीस. त्या दिवशी समोर पाच जहाजं उभी होती. हिशेब तुम्हीच करा. संध्याकाळी ती सगळी माणसं एकाच वेळी खाली यायला निघतात. आता २०२५ पासून तिथे दिवसाला ८,००० क्रूझप्रवाशांची मर्यादा घातलीय, हे शहाणपण आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

आमची शेवटची होडी साडेसहाला होती. आम्ही केबल कारच्या रांगेत किती वाजता उभे राहिलो? चार चाळीसला! जवळपास दोन तास हातात. कुठलीही शॉपिंग नाही. आईनं एक फ्रिज मॅग्नेट घेतलं होतं, ते पण सकाळी.

रांग गल्लीतून वळली, पुढच्या गल्लीत गेली, दागिन्यांच्या दुकानांवरून आणखी खाली. साडेपाचला आम्ही निम्म्यातही नव्हतो. आता म्हणाल, जहाजाचीच टूर का नाही घेतली? घ्यायला हवी होती, मान्य. टूरची बस अडकली तर जहाज थांबतं, आपण आपले गेलो तर थांबत नाही, हा साधा नियम आहे. पण तिघांचे त्या टूरचे पैसे ऐकलेत का कधी? आणि त्या टूरची माणसंही त्याच रांगेत आमच्या पुढे-मागे उभी होती बरं का, खाली यायला त्यांनाही तीच केबल कार. फरक एवढाच की त्यांच्या छातीत धडधडत नव्हतं.

पावणेसहाला आईनं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "आपण उतरूया चालत."

मी नाही म्हटलं. नवरा नाही म्हणाला. ती रांगेतून बाहेर पडली सुद्धा.

जरा थांबून मधेच एक सांगते, नाहीतर कमेंटमध्ये येईल की "जहाजानं काय तुमच्यासाठी थांबायचं?" नाही. अजिबात थांबू नये. माझं म्हणणंच वेगळं आहे. बंदर सोडायला पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा बंदराचा माणूस, ठरलेला असतो, पुढच्या बंदरात धक्क्याची वेळ ठरलेली असते आणि अर्धा तास उशीर झाला की तो भरून काढायला रात्रभर जास्त वेगानं जावं लागतं. जहाजाचा वेग थोडा वाढला तरी इंधन कितीतरी जास्त जळतं. दोन-तीन हजार माणसं आत असतात, त्यातल्या कुणाचं तरी पुढे विमान असतं. शिडीवर तुमचं कार्ड लावलं की टुंग वाजतं, त्यामुळे कोण आलंय आणि कोण बाहेर आहे ते त्यांना नावानिशी कळतं. ते घोषणा करतात, वाट बघतात, आणि मग बऱ्याचदा खोलीतले तुमचे पासपोर्ट काढून बंदरावरच्या एजंटच्या हाती देऊन निघतात. कठोर आहे, पण बरोबर आहे. माझं भांडण कप्तानाशी नाही. वर बाल्कनीत पेला घेऊन उभ्या असलेल्या माणसाशी आहे.

कारण तो जे बघून हसतोय ते काय आहे हे त्याला ठाऊक नाही. मार्च २०२४ मधली साओ टोमेची गोष्ट आठवते? आफ्रिकेच्या पश्चिमेला छोटं बेट. आठ प्रवासी स्वतंत्र टूरवर गेले, उशीर झाला. जहाज अजून समोर पाण्यात उभं होतं, तिथल्या तटरक्षकांनी त्यांना बोटीतून जहाजापर्यंत नेलं, तरी आत घेतलं नाही. त्यांत एक बाई गरोदर होती, एकाला हृदयाचा त्रास होता. गाम्बियात जहाज गाठावं तर ओहोटीमुळे ते तिथे लागलंच नाही. शेवटी किती देश पालथे घालून सेनेगलमध्ये डकारला जहाज मिळालं. आणि त्या बातमीखाली लोक काय लिहीत होते? हेच. शॉपिंग. दारू. "बरी अद्दल घडली."

आणि आपण भारतीय पासपोर्टवाले! जहाज सुटलं तर विमान पकडून पुढच्या बंदराला जाऊ म्हणणं गोऱ्यांना सोपं आहे. आपल्याला पुढच्या देशाचा व्हिसा आहे का, शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला व्हिसा, एका एंट्रीचा आहे की दोनचा, सगळं बघावं लागतं. औषधं जहाजावर, कपडे जहाजावर. ७१ वर्षांच्या बाईला घेऊन परक्या बेटावर रात्र काढायची. हे सगळं माझ्या डोक्यात त्या पायऱ्यांवर फिरत होतं.

त्या पायऱ्या. जवळपास सहाशे आहेत. रुंद, उतरत्या, गोट्यांच्या, आणि वर्षानुवर्षं खुरांनी घासून घासून गुळगुळीत झालेल्या. जिथे बघाल तिथे लीद, तिचा तो उन्हात तापलेला आंबूस वास. खेचरांचे तांडे वर येतात, खाली जातात, ते माणसाला बाजू देत नाहीत, माणसानंच भिंतीला चिकटायचं. पायऱ्यांवर आकडे रंगवलेले आहेत. आई ते आकडे मोठ्यानं वाचत उतरत होती. आधी डावा पाय, मग त्याच पायरीवर उजवा. एक हात कठड्याच्या दगडावर, एक माझ्या खांद्यावर. तिची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती, दुसऱ्या दिवशी वळ होते. दर वळणावर ती टेकायची, एक घोट पाणी प्यायची, घड्याळ बघायची आणि "चल" म्हणायची. एकदाही "आई गं" म्हणाली नाही. नवऱ्याला आम्ही पुढे पळवलं, होडीवाल्याला सांगायला की एक म्हातारी येतेय.

सहा सत्तावीसला आम्ही खाली पोचलो. होडीचा दोर सोडत होते. होडीवाल्यानं दोर तसाच धरून ठेवला आणि दुसरा हात आईकडे केला. त्या माणसाला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची येत नव्हती. देव त्याचं भलं करो. मला खात्री आहे त्यानं मिनिटभर तरी जास्त वाट बघितली.

आणि होडीत बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. खऱ्या कौतुकाच्या नव्हेत. लांबट, सावकाश, शिट्टीसकट. एकजण मोबाइल आईच्या तोंडासमोर धरून चित्रण करत होता. आम्हाला उशीर झालाच नव्हता हो! तीन मिनिटं शिल्लक होती! पण आम्ही शेवटचे, घामानं भिजलेले, एक बाई लंगडत येतेय, एवढं पुरे होतं त्यांना. जहाजाजवळ पोचलो तर वरच्या डेकवरूनही तेच. हूऽऽ म्हणून ओरडणं.

मला रडू येत होतं, मी खाली मान घालून बसले होते. आईनं मात्र मान वर केली. जहाजाकडे बघून हसली. दोन्ही हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला, आपल्याकडे सत्काराला उभं राहिल्यावर करतात ना, तस्साच. आणि माझ्या कानाशी म्हणाली, "बघ गं, किती कौतुक करतायत. एवढ्या पायऱ्या उतरले म्हणून."

मी म्हटलं, "हो आई."

त्या दिवसापासून ती ही गोष्ट सगळ्यांना सांगते. सोसायटीत, हळदीकुंकवाला, डॉक्टरांना. सहाशे पायऱ्या आणि सगळ्या जहाजानं वाजवलेल्या टाळ्या. गेल्या वर्षी शेवटी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा फिजिओथेरपीच्या मुलीलाही सांगितली. मी आणि नवरा एकमेकांकडे बघतो आणि गप्प राहतो.

होय, काही माणसं खरंच बेफिकीर असतात. आमच्याच जहाजावर एक कुटुंब होतं, नेपल्सला दोनदा नावं पुकारली तरी आरामात आइस्क्रीम खात आलं. त्यांचा मलाही राग आला होता. असो. पण वर बसून तुम्हाला कसं कळणार, की खाली धावणारा तो आइस्क्रीम खात येणाऱ्यातला आहे की रोमहून येणारी गाडी मधेच तासभर अडकल्यामुळे धावतोय? चिवितावेक्किया ते रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे. स्टेशनवर उतरल्यावर बंदरात जायला परत बस. लिव्होर्नो बंदराहून फ्लॉरेन्स नव्वदच्या आसपास. गाडी रद्द झाली, संप झाला, बाथरूमला रांग लागली, पाय मुरगळला, झालं. मधुमेहाचा माणूस असतो, दर तासाला बसावं लागतं. हे आपल्या घरातलेच लोक आहेत ना? आपल्याच आई-बाबांना आपण हल्ली पाठवतो अशा सहलींना, फोटो स्टेटसला लावतो.

तुमच्यापैकी जे या दिवाळीत जाणार आहेत त्यांना कळकळीनं सांगते, शेवटच्या वेळेच्या दोन तास आधी नव्हे, सँटोरिनीला तर तीन तास आधी रांगेत उभे राहा. जहाजाच्या रोजच्या पत्रकावर बंदरावरच्या एजंटचा नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. पासपोर्टची झेरॉक्स आणि दोन दिवसांची औषधं अंगावर ठेवा. मनगटावर साधं घड्याळ घाला आणि ते जहाजाच्या वेळेवर लावा. आणि वेळेत परत आलात, बाल्कनीत बसलात, खाली कुणी धावताना दिसलं, तर कृपा करून हातातला मोबाइल खाली ठेवा.

आता तो फोन. आई त्या ग्रुपवर आहे, हे मी विसरलेच होते. साडेनऊला तिचा फोन. आधी भाजीचं विचारलं, मग नातवाच्या परीक्षेचं. मग म्हणाली, "तो जहाजाचा व्हिडिओ पाहिलास?"

मी म्हटलं, पाहिला.

"त्या बाईला वाजवतायत तशाच होत्या का गं त्या टाळ्या? आपल्याला वाजवल्या त्या?"

मी म्हटलं, नाही आई, काहीतरीच काय. तुला खरंच वाजवल्या होत्या. लगेच म्हटलं, जरा जास्तच लगेच.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाली, "मी हात जोडले होते गं त्यांना."