'आता व्हीलचेअर विसरा' म्हणे!

एक व्हिडिओ सध्या जोरात फिरतोय. व्हीलचेअरवरचा माणूस पायांना रोबोटिक सांगाडा बांधतो, उभा राहतो, चार पावलं टाकतो. खाली मजकूर: 'आता व्हीलचेअर विसरा! नुसता विचार करा आणि चाला. लकवा कसलाही असो, रोज वापरा, नसा पुन्हा जुळतील.' चार पावलं खरी असतील. मजकुराचं मात्र तसं नाही.

'व्हीलचेअर विसरा.' 2012 च्या लंडन मॅरेथॉनचं अंतर क्लेअर लोमस यांनी रीवॉक हा सांगाडा घालून पार केलं. छातीखालचं शरीर लुळं असताना 42 किलोमीटर! जिद्दीला तोड नाही, पण त्याला दोन आठवड्यांहून जास्त दिवस लागले. त्याच वर्षी व्हीलचेअर गटाचा विजेता दीड तासाच्या आसपास पोहोचला होता. कुठे वेळेत पोहोचायचं असेल तर चाकंच बरी. शिवाय रीवॉकमध्ये तोल आपला आपणच सांभाळायचा, म्हणजे दोन्ही हातांत कुबड्या. मग पाण्याचा पेला या खोलीतून त्या खोलीत न्यायचा कसा? (असल्या व्हिडिओंत कुबड्या बहुतेक वेळा दिसत असतात, आपलं लक्ष पायांकडे असतं.) स्वतः तोल सांभाळणारे सांगाडेही आहेत, पण ते धिप्पाड आणि संथ.

'नुसता विचार करा.' रीवॉकला विचार कळत नाही. अंग पुढे झुकलं की सेन्सर ते टिपतो आणि मोटर पाऊल उचलते. जपानचा हॅल हा सांगाडा स्नायूंकडे जाणारे क्षीण विद्युत संकेत त्वचेवरून वाचतो, पण ते तिथवर पोहोचत असतील तरच. मेंदूचे संकेत वापरून चेंडूला पाय लावल्याचं प्रात्यक्षिक 2014 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या उद्घाटनात झालं खरं; ते प्रयोगशाळेतलं यंत्र होतं.

'लकवा कसलाही असो.' औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेने 2014 मध्ये रीवॉकला दिलेली परवानगीच वाचा. छातीच्या सातव्या ते कमरेच्या पाचव्या मणक्यादरम्यान इजा असेल तर घरी वापरता येईल, तेही प्रशिक्षित सोबती जवळ असताना. त्याहून वर, छातीच्या चौथ्या ते सहाव्या मणक्यापर्यंत, फक्त पुनर्वसन केंद्रात. वापरणाऱ्याचे हात-खांदे धड हवेत, सांधे आखडलेले नकोत, उंची-वजन यंत्राच्या मापात बसायला हवं. आणि हाडं! वर्षानुवर्षं भार न पडलेली हाडं ठिसूळ होतात, ताणाने मोडू शकतात. संवेदना नसेल तर मोडल्याचं कळतही नाही. आधी हाडांची घनता तपासायची ती यासाठी. मजकुरात यातलं अवाक्षर नाही, आणि माझ्या मते सर्वांत धोक्याची गफलत हीच.

'नसा जुळतील.' मज्जारज्जू पूर्ण निकामी झाला असेल तर सांगाड्याने तो सांधत नाही. उभं राहिल्याचे इतर फायदे काहींना मिळतात, स्नायूंचा ताठरपणा कमी होणं हा त्यातला एक. पक्षाघाताची, म्हणजे मेंदूतल्या स्ट्रोकमुळे आलेल्या लकव्याची, गोष्ट निराळी. तिथे मेंदूचा काही भाग शाबूत असतो, आणि फिजिओथेरपीच्या जोडीला यंत्राच्या मदतीने चालण्याचा सराव दिला तर स्वतंत्र चालता येण्याची शक्यता वाढते, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत आणि अजिबात चालू न शकणाऱ्यांमध्ये. तेव्हा घरात कुणाला नुकताच पक्षाघात झाला असेल, तर चालण्याचा सराव कधी सुरू करायचा हे फिजिओथेरपिस्टला आजच विचारा. यंत्र मिळेल की नाही, ते पुढचं पुढे.